हेवेरच्या दरींतील पोथी

मूळ ग्रंथ थोर कीं त्याचें भाषांतर उपयोगी, हा वाद पंडितांचा म्हणून आपण सोडून देत आलों. परंतु अलीकडे तो आपल्या माजघरांतच येऊन बसला आहे. ज्या घरांतला एक मुलगा पुण्यास, दुसरा अमेरिकेंत आणि नातवंडें मराठीहि अडखळत वाचणारीं, त्या घरांतील वडील माणसांपुढें प्रश्न उभा राहतोच कीं, या मुलांच्या हातीं पोथी द्यावी ती संस्कृत द्यावी, मराठी द्यावी, कीं इंग्रजी द्यावी? मूळ दिलें तर तें उघडलेंच जाणार नाहीं. भाषांतर दिलें तर रस गेला आणि चोथा राहिला, असें आपलें मन म्हणतें. या प्रश्नाचा निर्णय देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका समाजापुढें हाच प्रश्न उभा होता, आणि त्यानें तो कसा सोडविला याची साक्ष देणारी एक पोथी मृतसमुद्राकांठच्या एका गुहेंत तुकड्यातुकड्यांनीं सांपडली आहे. ती भूमि पाहण्याचा योग आम्हांस सन २०२२ च्या कार्तिक महिन्यांत आला. तेथें जें पाहिलें आणि त्यासंबंधीं जें वाचलें, तें वाचकांस सादर करीत आहों.

यरुशलेम शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,५०० फूट उंचीवर वसलेलें आहे. तेथून पूर्वेस निघालें कीं रस्ता एकसारखा उतरूं लागतो. वाटेंत एके ठिकाणीं, येथें समुद्रसपाटी झाली, असें सांगणारी खूण लावलेली आहे. परंतु रस्ता तेथें थांबत नाहीं, तो आणखी खालींच जातो. मृतसमुद्राचें पाणी समुद्रसपाटीच्याहि खालीं १,४०० फुटांहून अधिक खोल आहे. पृथ्वीच्या पाठीवर इतका सखल उघडा प्रदेश दुसरा नाहीं. तासाभराच्या त्या उतरणींत ऑलिव्हचीं झाडें संपतात, मग गवत संपतें, आणि शेवटीं केवळ पिवळसर डोंगर उरतात. पश्चिमेकडून येणारे ढग आपलें पाणी यरुशलेमच्या डोंगरांवरच सांडून टाकतात; अलीकडच्या उतारावर वर्षाकाठीं जेमतेम तीन-चार इंच पाऊस पडतो. कोंकणांतील माणसास ही गोष्ट सांगूनहि खरी वाटणार नाहीं.

परंतु याच अनावृष्टीनें जगावर एक मोठा उपकार करून ठेवला आहे. आपल्याकडील दमट हवेंत भूर्जपत्र काय आणि कागद काय, त्यास वाळवी, कसर आणि बुरशी यांपासून जपावें लागतें; पिढ्यापिढ्यांनीं नकला करीत राहिलें तरच ग्रंथ टिकतो. येथें मात्र चामड्यावर लिहिलेलें अक्षर गुहेच्या धुळींत नुसतें पडून राहिलें तरी दोन हजार वर्षें टिकतें. सन १९४७ मध्यें मृतसमुद्राच्या वायव्य कांठीं कुमरान येथें ज्या सुप्रसिद्ध हिब्रू गुंडाळ्या मिळूं लागल्या, त्या याच कोरड्या हवेच्या प्रसादानें. आमची गाडी कुमरानवरून पुढें गेली, एन-गेदीचा झरा आणि तेथील खजुरांची हिरवी झाडी मागें पडली, आणि कांहीं मैलांवर हेवेरच्या दरीचें मुख आलें.

हेवेर ही बारमाही नदी नव्हे. हिवाळ्यांत डोंगरांवर पाऊस झाला तर ओढ्यास अकस्मात् लोंढा येतो, एरवीं पात्र कोरडें ठणठणीत. दोहों बाजूंस शेंकडों फूट उभे कडे. या कड्यांच्या पोटांत गुहा आहेत. दक्षिणेकडील कड्यांत जी आहे, तिला 'भीषण गुहा' असें नांव पडलें आहे. ती कड्याच्या माथ्यापासून सुमारें ८० मीटर खालीं असून तिच्या तोंडाशीं पोंचण्यास दोराला लोंबकळत उतरावें लागतें. आमच्या वयास तें झेपणारें नव्हतें आणि शोभणारेंहि नव्हतें. आम्ही दरीच्या मुखाशींच थांबलों. तेथें वाऱ्यावांचून दुसरा आवाज नव्हता. परंतु त्या वाटेवर काय घडलें हें ठाऊक असलेल्या माणसास ती शांतता सुखाची वाटत नाहीं.

तो इतिहास थोडक्यांत असा. इ. स. ७० मध्यें रोमनांनीं यरुशलेमचें मंदिर जाळून उद्ध्वस्त केलें. पुढें साठ वर्षांनीं, हाद्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १३२ मध्यें यहुदी लोक पुन्हां उठले. त्यांच्या पुढाऱ्याचें नांव शिमोन बार कोसिबा. त्याचे अनुयायी त्यास 'बार कोखबा' म्हणजे ताऱ्याचा पुत्र म्हणत. तीन वर्षें त्यानें राज्य चालविलें, स्वतःचीं नाणीं पाडलीं. अखेर रोमन फौजांनीं गांव न् गांव घेत त्या बंडाचा निःपात केला. डिओ कॅसियस या इतिहासकारानें ५० किल्ले आणि ९८५ गांवें धुळीस मिळाल्याचें लिहून ठेवलें आहे. एन-गेदीच्या बाजूचीं कांहीं कुटुंबें बायकामुलांसह या गुहांत लपलीं. रोमनांस तें कळलें. त्यांनीं कड्यावर चढून युद्ध केलें नाहीं. दरीच्या दोहों माथ्यांवर, बरोबर गुहांच्या वर, छावण्या ठोकल्या आणि ते वाट पाहत बसले. त्या छावण्यांचे दगडी बांध आजहि ओळखूं येतात. खालीं उतरावें तर वाट नाहीं, वर यावें तर शत्रु, आणि गुहेंत पाण्याचा थेंब नाहीं.

योहानान अहारोनी या संशोधकानें सन १९५० नंतरच्या दशकांत या गुहेचा शोध घेण्यास आरंभ केला आणि सन १९६१ मध्यें आपल्या मंडळींसह दोराच्या शिडीवरून उतरून ती पुरती खणून काढली. आंत सुमारें ४० सांगाडे होते: पुरुष, स्त्रिया आणि लेंकरें. गुहेस भीषण हें नांव पडलें तें यामुळेंच. तेथें कांहीं खापऱ्याहि मिळाल्या. त्यांवर मृतांचीं नांवें लिहिलेलीं होतीं. म्हणजे कोणी आधीं गेलें, आणि जो मागें राहिला त्यानें हातीं लागेल त्या खापरीवर त्याचें नांव लिहून त्याच्या जवळ ठेवलें. शेवटीं ज्याचें नांव लिहिण्यास कोणी उरलें नसेल, त्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल, हें आमच्यानें लिहवत नाहीं.

समोरच्या, म्हणजे उत्तरेकडील कड्यांत 'पत्रांची गुहा' आहे. सन १९६० व १९६१ मध्यें यिगाएल यादिन यांनीं ती शोधली. तींत बार कोखबाचीं पत्रें निघालीं. आणि त्यांबरोबर घरांच्या किल्ल्या, आरसा, कांशाचीं भांडीं, लोंकरीचे गुंडेहि निघाले. घर सोडतांना माणूस काय उचलतो, याची ती यादीच आहे. किल्ली उचलली, अर्थात् परत येण्याची आशा सुटलेली नव्हती. बाबाथा नांवाच्या एका विधवेनें आपलीं ३५ कागदपत्रें चामड्याच्या पिशवींत नीट बांधून आणलीं होतीं: खजुरांच्या बागांचे व्यवहार, लग्नाचा करार, मुलाच्या पालकत्वाचा दावा. त्यांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांतील बरेचसे कागद ग्रीक भाषेंत आहेत. बार कोखबाच्या पक्षाकडील एक पत्रहि ग्रीकच आहे. त्यांत सणाच्या पूजेस लागणाऱ्या फांद्या आणि महाळुंगासारखीं फळें पाठविण्यास सांगितलें आहे. ज्यांनीं रोमशीं झुंज घेतली, त्यांच्या घरांतहि ग्रीक बोलली आणि लिहिली जात होती.

आतां पोथीकडे वळूं. सन १९५२ मध्यें अरब भटक्या लोकांनीं चामड्यावरील कांहीं ग्रीक तुकडे यरुशलेमच्या वस्तुसंग्रहालयांत विकावयास आणले. ते कोठून आणले हें तेव्हां नक्की झालें नव्हतें. पुढें १९६१ मध्यें अहारोनींस भीषण गुहेच्या धुळींत त्याच ग्रंथाचे चिमुकले तुकडे सांपडले आणि पोथीचें घर ठरलें. ग्रंथ म्हणजे यहुदी धर्मशास्त्रांतील 'बारा लघु संदेष्टे' या नांवानें प्रसिद्ध असलेला भाग. योना, मीखा, नहूम, हबक्कूक, सफन्या आणि जखऱ्या यांचे अंश त्यांत वाचतां येतात. तो दोन वेगळ्या लेखकांच्या हातचा आहे. अक्षराच्या वळणावरून तो इसवी सनाच्या आरंभाच्या आगेंमागें लिहिलेला ठरतो. म्हणजे ज्या माणसानें तो काखेंत मारून कडा उतरला, त्याच्या हातीं ती शंभराहून अधिक वर्षांची, आजा-पणजांपासून चालत आलेली वस्तु होती. आणि भाषा? हिब्रू नव्हे, ग्रीक. मरणाच्या दारीं बरोबर घेतलेला हा धर्मग्रंथ भाषांतर होतें.

यहुद्यांनीं आपलें शास्त्र ग्रीकमध्यें आणलें तें इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत, मिसर देशांतील अलेक्झांड्रिया नगरींत. तेथें स्थायिक झालेल्या यहुद्यांच्या मुलाबाळांस हिब्रू समजेनाशी झाली होती. परंपरा अशी सांगते कीं, टॉलेमी राजाच्या विनंतीवरून बारा वंशांतून प्रत्येकी सहा असे ७२ विद्वान् बोलावण्यांत आले. त्यावरून त्या भाषांतरास 'सत्तरांचें' हें नांव पडलें. फायलो हा अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ म्हणतो कीं, सर्वांच्या लेखणींतून शब्दशः एकच भाषांतर उतरलें, आणि त्या प्रीत्यर्थ फॅरॉस बेटावर दरवर्षीं उत्सव होत असे. उलट पुढील काळच्या हिब्रू पंडितांत असेंहि मत निघालें कीं, ज्या दिवशीं शास्त्र ग्रीकमध्यें उतरलें तो दिवस, सोन्याचें वासरूं पुजलें त्या दिवसाइतकाच अशुभ होय. एकाच घटनेचा एका पक्षाला उत्सव, दुसऱ्याला सुतक! आपल्या घरांतील वाद यापेक्षां निराळा आहे काय?

या दोहोंच्या मध्यें उभा असलेला एक मनुष्य आम्हांस फार जवळचा वाटतो. इ. स. पूर्व १३२ च्या सुमारास एक यहुदी गृहस्थ मिसर देशांत आला आणि त्यानें आपल्या आजोबांचें, सिराखचें, हिब्रूंतील नीतिपर पुस्तक ग्रीकमध्यें उतरविलें. प्रस्तावनेंत तो वाचकांची क्षमा मागून सांगतो कीं, हिब्रूंत जें जोर धरून येतें तें दुसऱ्या भाषेंत तितक्याच जोरानें येत नाहीं. उणें कबूल करूनहि त्यानें काम टाकलें नाहीं. नातवानें केलें म्हणूनच आजोबांचें पुस्तक परदेशांतील लोकांच्या हातीं पडलें.

हेवेरच्या पोथीचें खरें महत्त्व याच्या पुढचें आहे. ती अलेक्झांड्रियाच्या भाषांतराची नुसती नक्कल नव्हे. डोमिनिक बार्थेलेमी या फ्रेंच पंडितानें तिचा अभ्यास करून सन १९६३ मध्यें दाखवून दिलें कीं, कोणी तरी जुनें ग्रीक भाषांतर पुढें ठेवून, शेजारीं मूळ हिब्रू ग्रंथ उघडून, शब्दाशब्दाचा ताळा घेत तें दुरुस्त केलें आहे. संस्कृताच्या विद्यार्थ्यास ही रीत लगेच कळेल. आपल्याकडे 'अपि' आणि 'च' यांचा भेद जसा गुरुजी सोडत नाहींत, तसा हिब्रूंतील 'गम' म्हणजे 'सुद्धां' हा शब्द या शोधकानें सोडला नाहीं. जुन्या भाषांतरकारानें तो कधीं नुसत्या 'आणि'वर भागविला होता. याने त्यासाठीं 'काइगे' हा ठराविक ग्रीक शब्द योजला, आणि विद्वानांनीं या सबंध संप्रदायास तेंच नांव दिलें. अशा शोधनानें ग्रीक वाक्य कित्येकदां खडबडीत होतें, कानास गोड लागत नाहीं. पण मुळाशीं इमान राखतें. पूर्वीं कित्येकांचा समज असा होता कीं, ख्रिस्ती लोकांशीं वाद सुरू झाल्यावर यहुद्यांनीं आपलें ग्रीक भाषांतर बदलण्यास घेतलें. ही पोथी त्या वादाच्या आधींची. प्रतिपक्षास उत्तर देण्यासाठीं नव्हे, तर मूळ आणि भाषांतर यांत अंतर पडूं नये या केवळ काळजीनें हें काम झालें होतें. एमानुएल तोव यांनीं सन १९९० मध्यें या सर्व तुकड्यांची साद्यंत आवृत्ति प्रसिद्ध केली.

आणखी एक गोष्ट तर डोळ्यांनीं पाहतांच मनावर ठसते. सगळा मजकूर ग्रीक अक्षरांत चालला असतां मध्येंच एके जागीं चार अक्षरें अगदीं निराळीं येतात. तें ईश्वराचें नांव होय. यहुदी तें उच्चारीत नाहींत. वाचतांना त्याच्या जागीं 'प्रभु' या अर्थाचा शब्द म्हणतात. लेखकानें तें नांव ग्रीकमध्यें आणलें नाहीं. इतकेंच नव्हे, त्या काळच्या रोजच्या हिब्रू लिपींतहि लिहिलें नाहीं. त्याहून जुनी, व्यवहारांतून गेलेली पूर्वजांची लिपि त्यानें त्या चार अक्षरांपुरती जपली. हीच जुनी लिपि बार कोखबानें आपल्या नाण्यांवर घातली होती. सर्व कांहीं परभाषेंत सांगावें, आणि जें सांगतां येत नाहीं तें आपल्याच अक्षरांत तसेंच ठेवावें, हा विवेक त्या एका ओळींत दिसतो.

सन २०१७ पासून इस्रायलच्या पुरातत्त्व खात्यानें या वाळवंटांतील गुहा पद्धतशीर तपासण्यास घेतल्या. कारण मोठें उदात्त नव्हे. चोर गुहा फोडून वस्तु बाजारांत नेत होते, त्यांच्या आधीं पोंचावें एवढाच हेतु. दोरांनीं उतरून, विमानासारख्या उडत्या यंत्रांनीं टेहळणी करून शेंकडों गुहा धुंडाळल्या गेल्या. १६ मार्च २०२१ रोजीं खात्यानें जाहीर केलें कीं, भीषण गुहेंत याच पोथीचे आणखी तुकडे मिळाले आहेत. साठ वर्षांनीं हरवलेलीं पानें जणूं घरीं परत आलीं. त्याच गुहेंत सुमारें ६,००० वर्षांपूर्वींचें, कापडांत गुंडाळून पुरलेलें एक बालकहि सांपडलें. आणि दुसऱ्या एका गुहेंत सुमारें १०,५०० वर्षांपूर्वींची झांकणासह विणलेली मोठी टोपली.

नव्या तुकड्यांवर नहूम आणि जखऱ्या या संदेष्ट्यांचे अंश आहेत. नहूमाच्या अंशांत देवाच्या कोपापुढें पर्वतहि थरथरतात, मग माणसाची काय कथा, अशा आशयाचें वर्णन आहे. जखऱ्याच्या अंशाचा विषय निराळा: शेजाऱ्याशीं खरें बोलावें, न्याय सचोटीनें करावा, मनांत कोणाचें वाईट चिंतूं नये, खोट्या शपथेचा मोह धरूं नये. येथें एक पाठभेद आहे. न्याय कोठें करावा, तर इतर प्रतींत 'वेशींत', कारण त्या देशांत पंचायत गांवच्या वेशींत बसे. या पोथींत मात्र 'रस्त्यांत' अशा अर्थाचा शब्द आहे. मुळाशीं इतक्या कसोशीनें ताळा घेणाऱ्या पोथींतहि हा शब्द निराळा निघावा, हें पाठशोधकांस नवें कोडें आहे. आम्हांस मात्र तो शब्द वाचतांना दुसरेंच कांहीं आठवलें. ज्यांच्या गांवाच्या वेशीहि उरल्या नव्हत्या आणि रस्तेहि उरले नव्हते, त्यांच्या जवळ हें वाक्य होतें.

मृतसमुद्र मागें टाकून आम्ही नैर्ऋत्येस दिमोना या वाळवंटांतील गांवीं गेलों. तेथें आपले कोंकणचे बेने इस्रायल, ज्यांस रायगड जिल्ह्यांत शनिवार तेली म्हणत, पुष्कळ येऊन राहिले आहेत. त्यांच्या पूर्वजांनीं मराठी आपलीशी केली, बायबलांतील कथांवर मराठी कीर्तनें रचलीं, आणि सन १८७४ मध्यें पुण्यांत त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू मूळ व मराठी भाषांतर अशी छापली गेली. ज्यांच्या घरीं आम्ही उतरलों त्या घरच्या वृद्ध बाईंस आम्हीं विचारलें, "मावशी, आपण प्रार्थना कोणत्या भाषेंत म्हणतां?"

त्या म्हणाल्या, "हिब्रूंतच हो, मास्तर. पण आईनें अर्थ मराठींत सांगितला होता. हिब्रू तोंडीं येतें, आणि मन मराठींत भरून येतें. आतां नातवांस हिब्रू कळतें. मराठी मीच त्यांना समजावून सांगतें."

म्हणजे चक्र पुरतें उलट फिरलें. एके काळीं मूळ दूर आणि भाषांतर जवळ होतें. आतां मूळ घरचें झालें आणि जपावें लागतें तें भाषांतराच्या भाषेस. मूळ आणि भाषांतर यांचीं आसनें काळाप्रमाणें बदलतात. न बदलणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे दोहोंच्या मध्यें बसून ताळा घेणारा मनुष्य. तो घरांत आहे तोंवर भाषांतर निःसत्त्व होत नाहीं आणि मूळ अडगळींत पडत नाहीं.

हेवेरच्या पोथीवरून आम्हांस जो बोध झाला तो एवढाच. नातवंडांस समजेल त्या भाषेंत ग्रंथ द्यावा, त्यांत कमीपणा मानूं नये. पण देऊन मोकळें होऊं नये; मूळ उघडून शेजारीं बसावें, जेथें शब्द घसरला तेथें तो दुरुस्त करावा, जेथें तो उतरतच नाहीं तेथें आपलींच अक्षरें तशीं राहूं द्यावीं आणि त्यांचा उच्चार शिकवावा. हें काम एका पिढीनें संपत नाहीं. त्या पोथीवर दोन लेखकांचे हात आहेत, शोधणाऱ्याचें नांव नाहीं, आणि जिनें ती शेवटपर्यंत जवळ बाळगली त्या पिढीच्या खुणा खापऱ्यांवर तेवढ्या उरल्या आहेत. तरी तें वाक्य आज वाचतां येतें: शेजाऱ्याशीं खरें बोलावें, या अर्थाचें.